गळाला लागलेली ओळख

मनुष्याला उतारवयात जे छंद जडतात, त्यांतील बहुतेक मूळचे त्याचे नसतात. कोणाकडून तरी ते उसने घेतलेले असतात, आणि धनको हयात नसला म्हणजे फेड कोणाकडे करायची, हा प्रश्न उरतो. वयाच्या बहात्तरीनंतर आम्ही हाती गळ धरला, तो अशाच एका जुन्या कर्जापोटी.

निमित्त झाले आमच्या नातवाचे. अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतात वाढलेला हा बारा वर्षांचा मुलगा सुटीसाठी आमच्याकडे हजीऱ्यास आला, तो काखेत एक सचित्र पुस्तक घेऊनच. पुस्तकाचा विषय ‘बास’ नावाचा गोड्या पाण्यातील मासा. तिकडच्या तळ्यांत तो विपुल असतो आणि मुले चालू लागताच त्याच्यामागे लागतात, असे दिसते. मोठ्या तोंडाचा बास आणि लहान तोंडाचा बास असे त्याचे दोन मुख्य प्रकार. मासा तोंड मिटून असताना जबड्याचे टोक डोळ्याच्या मागे गेले तर तो मोठ्या तोंडाचा, डोळ्यापाशीच थांबले तर लहान तोंडाचा. पहिल्याच्या कुशीवरून एक काळपट आडवा पट्टा जातो, दुसऱ्याच्या अंगावर उभे पट्टे असतात. हे सारे आम्हांस समजावून झाल्यावर चिरंजीवांनी विचारले, “आजोबा, इथल्या नदीत बास आहे?”

आम्ही चाळीस वर्षे हजीऱ्यात काढली. एका कारखान्यात हिशेब पाहिले, तापीच्या मुखाशी चिमण्या उभ्या राहताना पाहिल्या, घोघ्याला जाणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली तीही पाहिली. परंतु त्या पाण्यात कोणते मासे आहेत, हे एकदाही पाहिले नव्हते. “तुमचा बास इथे नाही,” आम्ही म्हणालो आणि पुढचे वाक्य आमच्या तोंडून आपोआप निघाले, “पण त्याच्या तोडीचा जिताडा आहे.”

हा शब्द आम्ही किती वर्षांनी उच्चारला होता, कोण जाणे. तो आमच्या वडिलांचा, अण्णांचा शब्द.

अण्णा मूळचे पेण तालुक्यातील खारपट्टीचे. १९५१ साली एका गिरणीत कारकुनी मिळाली म्हणून ते सुरतेस आले. त्या वेळी पेण आणि सुरत ही दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. १ मे १९६० रोजी मध्ये सीमा आली. अण्णा म्हणत, “मी परराज्यात गेलो नाही, परराज्यच माझ्याकडे चालत आले.” आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी हे वाक्य थोड्याफार फरकाने बोलले गेले असेल. खारपट्टीत जिताड्याचे माहात्म्य काय वर्णावे! शेताच्या कडेच्या तळ्यांत तो पोसावा, जावई किंवा साहेब घरी आला की काढावा, आणि अडलेले काम मार्गी लावावे, अशी तिकडची रीत. सुरतेस आल्यावर अण्णांना भाषा परकी वाटली, आमटीतील गूळ परका वाटला. परंतु एके दिवशी बाजारात हा मासा दिसला आणि त्यांनी बिऱ्हाड कायमचे थाटण्याचे ठरवले, असे आई सांगे.

रविवारी ते किल्ल्याखालच्या ओवाऱ्यावर कळकाची काठी घेऊन बसत. आम्ही शाळेच्या अखेरच्या वर्गात असताना एका वर्गमित्राने त्यांना तिथे पाहिले आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात आमचा ‘माछी’ म्हणून उद्धार केला. घरी येऊन आम्ही अण्णांना सांगितले की, आमच्या प्रतिष्ठेची काही चाड असेल तर त्यांनी तिथे बसू नये. ते रागावले नाहीत. त्यांनी काठी पुसली, तंगूस गुंडाळला आणि दोन्ही माळ्यावर ठेवले. ती काठी पुन्हा खाली आली नाही. १९८३ साली अण्णा गेले. २००६ च्या ऑगस्टमधील महापुरात तापीचे पाणी आमच्या नानपुऱ्यातील जुन्या घराच्या माळ्याला लागले, आणि जी काठी आम्ही नदीपासून तोडली होती ती नदीच येऊन घेऊन गेली.

असो. नातवाला हे सारे सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही एवढेच म्हणालो, “चल, शोधू.”

प्रथम आम्ही, आमच्या पिंडास अनुसरून, ग्रंथांकडे वळलो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने १२ व्या शतकात रचलेला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना त्यातील प्राचीन मराठी पद्यपंक्तींमुळे परिचित आहे. त्याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे, गळाने मासे धरण्याच्या कलेवरील एक प्रकरण आहे, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. कोणता मासा कोठे राहतो, त्याला कोणते आमिष रुचते, दोर कशाचा असावा, याचा विचार एका राजाने राजाच्या करमणुकीत अंतर्भूत केला होता. ज्या उद्योगाची आम्ही लाज धरली तो राजविनोदात गणला गेला होता, हे वाचून आमची मान अधिकच खाली गेली.

जिताड्याचे शास्त्रीय नाव लॅटिस कॅल्करिफर. गोव्यात तो चोणक, बंगालात भेटकी, ऑस्ट्रेलियात बारामुंडी. इंग्रज त्याला आशियाई सी-बास म्हणतात, म्हणजे नातवाचा प्रश्न अगदीच वाट चुकलेला नव्हता. मात्र कुळ निराळे. अमेरिकन बास जन्मभर गोड्या पाण्यात राहतो. जिताडा खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात जन्मतो, लहानपणी नदीत व पाणथळीत शिरून वाढतो आणि प्रजोत्पादनासाठी पुन्हा खाऱ्याकडे येतो. याहून नवलाची गोष्ट अशी की, तो आयुष्याची पहिली काही वर्षे नर असतो आणि पुढे मोठा झाल्यावर मादी होतो. लाखो अंडी घालणारी थोराड मादी ही एके काळी हातभर लांबीचा नर असते.

पुस्तकी तयारी झाल्यावर आम्ही आमच्या वसाहतीमागे राहणाऱ्या एका माछी गृहस्थांना गाठले. त्यांना आम्ही ‘भाई’ म्हणतो, ते आम्हांस ‘साहेब’. जूनचा पहिला आठवडा होता. पावसाळी बंदीमुळे यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या आणि भाई जाळी सांधत बसले होते. साहेबाला गळ शिकायचा आहे, हे ऐकून ते प्रथम हसले, मग गंभीर झाले, आणि मग त्यांनी आमची परीक्षा घेतली.

“जिताडा आणि रावस समोर ठेवले तर कसे ओळखाल?”

आम्ही पुस्तकातले सांगू लागलो. त्यांनी हात वर करून थांबवले आणि जमिनीवर काटकीने रेघा ओढल्या. रावसाचे नाकाड बोथट आणि तोंडाच्या पुढे आलेले, कल्ल्यामागील पराखाली दोऱ्यांसारख्या तंतूंचा झुबका, आणि शेपूट दुभंगलेले. घोळीचे शेपूट पाचरीसारखे. जिताड्याचे शेपूट मात्र पंख्यासारखे गोल. कपाळ डोळ्याच्या वर खोलगट, जणू अंगठ्याने दाबलेले. मग पाठ एकदम उंचावते. जबडा डोळ्याच्याही मागे जातो. पाठीवर पुढचा पर काटेरी, मागचा मऊ. खाऱ्यात तो रुपेरी दिसतो, गोड्यात किंवा गढूळ पाण्यात तपकिरी. म्हणून रंगावर विसंबू नये. रात्री बत्ती धरली तर डोळा निखाऱ्यासारखा चमकतो. “आणि कल्ल्याला हात लावू नका,” भाई म्हणाले. “तिथे पाते असते.”

साहित्याची निवड हा दुसरा अध्याय. सुरतेच्या दुकानात आम्हांस नाना प्रकारचे चकचकीत सामान दाखवण्यात आले. भाईंनी मोजकेच घेऊ दिले. नवशिक्याने फार जड काठी घेऊ नये, मनगट दुखते. फार लवचीक घेऊ नये, गळ रुतत नाही. सुमारे सात फुटांची, मध्यम ताकदीची काठी. तिला बसणारे साधे, फिरते दांडे असलेले रीळ. पाच ते सात किलो वजन पेलणारा तंगूस. आणि त्याच्या टोकाला हातभर लांबीचा, त्याहून दुप्पट जाड तंगुसाचा तुकडा. हा जाड तुकडा कशासाठी, असे नातवाने विचारले. जिताड्याचे दात बारीक असले तरी तोंड कानशीसारखे खरखरीत असते आणि कल्ल्याची धार बारीक तंगूस कापून टाकते, हे त्याचे कारण. चार-दोन मजबूत गळ, थोडे शिसे, एक बूच, गळ काढण्यासाठी एक लांब चिमटा. आमिष म्हणून जिवंत कोळंबी. गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, नाहीतर घर्षणाने तंगूस कमकुवत होतो. रिळाची पकड इतकीच ठेवावी की, मासा जोरात ओढू लागला तर तंगूस सुटत जावा, तुटू नये. हा शेवटचा नियम आम्ही मुलांच्या संगोपनात वेळेवर शिकलो असतो तर बरे झाले असते.

वेळ ठरवण्याचे काम आम्ही आपल्याकडे घेतले. अण्णांचा एक आडाखा आम्हांस पाठ होता: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला साडेसात. त्याप्रमाणे आम्ही आजोबा-नातू दशमीच्या सकाळी सातलाच तिवरांच्या कडेला हजर झालो, तो समोर नुसता चिखल! त्यात रायगडात ज्यांना निवटी म्हणतात आणि सुरतेस लेवटा, ते उड्या मारीत होते. पाणी पुढे सरकून पाहावे म्हणून आम्ही चार पावले टाकली आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. भाईंनी फळी टाकून बाहेर काढले. “साहेब, हा हिशेब मुंबई-अलिबागचा,” ते म्हणाले. “खंभातच्या आखातात पाणी उशिरा येते, आणि आले की पळायला वेळ देत नाही.” अण्णांना हा फरक निश्चित ठाऊक असणार. त्यांनी पाठ करून दिले ते गावाकडचे गणित. इथली दुरुस्ती सोबत बसून शिकायची होती, आणि आम्ही बसलो नव्हतो.

नऊनंतर पाणी चढले. पहिला मासा लागला तो शिंगाळा. मिशा पाहूनच नातवाने पुस्तक मिटले. त्याच्या परांतील काटे विषारी, म्हणून भाईंनीच तो सोडवला. मग बराच वेळ काही नाही. नातू कंटाळेल असे वाटले होते, पण तो पाण्याकडे पाहत स्वस्थ बसला होता. आणि मग तंगूस एकाएकी ताणला गेला. पाण्यातून एक रुपेरी अंग पुरते बाहेर उसळले, डोके झाडून पुन्हा आत गेले. रीळ किरकिरले. “सुटू द्या, सुटू द्या!” भाई ओरडत होते. पाच-सात मिनिटांनी मासा काठाशी आला. गोल शेपूट, खोलगट कपाळ, डोळ्यामागे गेलेला जबडा. ओळख पटली. आनंदाच्या भरात आम्ही सारे शिकलेले विसरून त्याला कल्ल्यापाशी धरले, आणि उजव्या अंगठ्याच्या पेरावर रक्ताची रेघ उमटली.

अण्णांच्या उजव्या अंगठ्यावर तशीच एक आडवी खूण होती. कचेरीत कागद कापताना झाली असावी, असे आम्ही आयुष्यभर समजत आलो. कधी विचारले नव्हते.

मासा किलोभराचा असेल. आम्हांस तो घरी न्यायचा होता. अण्णांच्या नावाने तो शिजावा, असे फार मनात होते. परंतु नातू म्हणाला, “आजोबा, तुम्हीच सांगितलं ना, लहान असतो तो नर. मग हा अजून आई झालाच नाही.” आम्ही वरच्या अंगाला पाहिले. अण्णांच्या वेळी समुद्रातून आलेला मासा किल्ल्यावरून पुढे जात असे. आता रांदेर-सिंगणपूरपाशी बंधारा आहे. त्याच्या खूप वर काकरापार, १९५४ चा. आणि त्याही वर उकाई, १९७२ चे. सुरतेला पाणी प्यायला मिळते ते या बांधांमुळे, हे आम्ही विसरत नाही. पण गोड्या पाण्यात वाढायला निघालेल्या पिल्लांना तिथून पुढे वाट नाही. जेवढी खाडी उरली आहे, तेवढेच त्यांचे अंगण.

“तुमचे वडील काय करायचे?” नातवाने विचारले.

“घरी न्यायचे,” आम्ही खरे ते सांगितले. आणि मग ओवारा, वर्ग, माळा, सारे सांगितले. बारा वर्षांच्या मुलासमोर कबुली देणे सोपे नसते. त्याने सगळे ऐकले आणि विचारले, “मग ते परत कधीच गेले नाहीत?” आम्ही मान हलवली.

मासा आम्ही दोघांनी मिळून पाण्यात धरला. तो क्षणभर हातात स्थिर राहिला, मग निघून गेला. भाईंनी हा सगळा प्रकार शांतपणे पाहिला. “ठीक आहे साहेब,” ते म्हणाले, “बंदी उठली की माझ्याच जाळ्यात येईल.” त्यात उपहास नव्हता. खाडीत मासळी कमी झाली तरी त्यांना तिच्यावरच जगायचे आहे. आम्ही म्हणालो, “आला तर आम्हांला कळवा, विकत घेऊ.”

नातू आषाढ शुद्ध सप्तमीच्या, म्हणजे तापीच्या जन्मदिवसाच्या, आधीच परत गेला. त्या दिवशी सुरतकर नदीला चुनरी वाहतात. आम्ही दरवर्षी दुरून पाहत असू. यंदा ओवाऱ्यावर उतरलो. किल्ल्याखाली एक अनोळखी गृहस्थ गळ टाकून बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा होता, हातातल्या फोनमध्ये डोके घातलेला. आम्ही थांबलो, आणि त्या मुलाला विचारले, “काय लागलंय बाबांना?” त्याने मान वर केली, ठाऊक नव्हते म्हणून वडिलांकडे पाहिले. आम्ही पुढे निघालो.