पहिला ऐकणारा

१९९० नंतर लखनौमधल्या इंदिरानगरच्या भाजीबाजारात गोरी माणसं दिसू लागली. सुती कुडते, पायांत कोल्हापुरी चपला, आणि भाव करताना तोंडात पुण्यातल्या रिक्षावाल्यांचं हिंदी. त्या वर्षी जानेवारीत पुण्यात ओशो गेले आणि त्यांच्या शिष्यांपैकी बरेच जण एका म्हाताऱ्या पंजाबी गृहस्थांच्या शोधात लखनौला आले. ते गृहस्थ म्हणजे हरिवंशलाल पूंजा, सगळ्यांचे पापाजी. फाळणीत घरदार पश्चिम पंजाबात सोडून त्यांचं कुटुंब इथे आलं होतं. पोटासाठी त्यांनी बरीच वर्षं खाणींवर मॅनेजर म्हणून काढली, त्यातली काही बेळगावजवळच्या लोंढ्याला. तेव्हा थोडंफार मराठी त्यांच्या कानांवरून गेलं असणारच.

मला मात्र कौतुक वाटायचं ते त्या परदेशी मुलींचं. टिंडे निवडता निवडता एक दुसरीला सांगे, की आज सकाळी ‘मी’ नावाचं काही उरलंच नव्हतं. ऐकून मलाच लाजल्यासारखं व्हायचं. आमच्या घरात असलं बोलणं म्हणजे चारचौघांत पदर सोडण्यासारखंच. आजी म्हणायची, अनुभव सांगू नये, सांगितला की जातो. तिचं वाक्य मी इतकं मनावर घेतलं होतं, की सांगण्यासारखं काही माझ्यापाशी आहे हेही कुणाला कळू दिलं नव्हतं.

शेजारणीच्या आग्रहाने मी पापाजींच्या सत्संगाला गेले. शेवटून दुसऱ्या ओळीत, भिंतीला टेकून बसले. तिथे लोक चिठ्ठ्या लिहून देत. ते चष्मा सावरत त्या मोठ्याने वाचत आणि लिहिणाऱ्याला पुढे बोलावत. माणसाने आयुष्यभर जपलेली गोष्ट सभेत वाचली जायची, मधेच ऐंशी ओलांडलेला तो धिप्पाड माणूस खदखदून हसायचा, आणि लिहिणाराही हसू लागायचा. त्यांतल्या काही चिठ्ठ्या मला नाटकी वाटल्या, हे सांगून टाकते. पण त्यांची स्वतःची गोष्ट तशी नव्हती.

ती गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. पहिलं महायुद्ध संपून विजयाच्या सुट्ट्या मिळाल्या होत्या. हे आठ-नऊ वर्षांचे. लाहोरला नातेवाइकांकडे सगळे बसले असताना आंब्याच्या सरबताचा पेला पुढे आला, आणि तो घ्यायला हात उठेना. शुद्ध होती, समोरचं सगळं कळत होतं, पण आत असं काही भरून आलं होतं की पेल्याकडे वळावंसं वाटेना. लोक घाबरले, मुलाला झपाटलं म्हणून मौलवीकडे घेऊन गेले. मुलगा माणसांत आल्यावर आईने विचारलं, तुला कृष्ण दिसला का? आई कृष्णभक्त, तिला दुसरं काय सुचणार! मुलाने काहीच पाहिलं नव्हतं. पण आईने नाव दिलं, तसबीर दिली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं हा माणूस कृष्णाच्या मागे लागला. कृष्ण त्याला दिसूही लागला. १९४४ मध्ये तो तिरुवण्णामलैला रमण महर्षींपुढे जाऊन बसला आणि आपल्याला कृष्ण दिसतो म्हणाला. महर्षींनी एवढंच विचारलं, आत्ता दिसतोय का? नव्हता दिसत. मग येतो आणि जातो त्याचं काय करायचं, असा त्यांचा रोख होता.

मला या गोष्टीत महर्षींपेक्षा आईच जास्त दिसते. पहिला ऐकणारा जे नाव ठेवतो, ते अनुभवाला चिकटतं. माय असली तरी, किंवा माय असली म्हणूनच. डेव्हिड गॉडमन यांनी पूंजाजींचं तीन खंडांचं चरित्र लिहिलं, त्याचं नाव आहे ‘नथिंग एव्हर हॅपन्ड’. तीन जाडजूड खंड, आणि वर पाटी, की कधी काही घडलंच नाही! १९९७ च्या सप्टेंबरात पापाजी लखनौतच गेले.

संत बहिणाबाई पाठक यांना पहिला ऐकणारा मिळाला तो नवरा. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनात वासरू घेऊन बसणारी ती कोवळी मुलगी. लोक तिला बघायला येऊ लागले, तसा नवरा संतापला, त्याने तिला मारलं, बांधून ठेवलं. तुकोबांनी स्वप्नात येऊन केलेला उपदेश तिने अशा घरात राहून सांभाळला. तिने पुढे सगळं सांगितलं, अभंगांतून सांगितलं. आणि १७०० साली, शिऊरला, शेवट जवळ आल्यावर मुलाला, विठोबाला, बोलावून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. बारा जन्म खरे की नाहीत, हा प्रश्न मला कधी फार महत्त्वाचा वाटला नाही. उशाशी बसलेल्या मुलाने ते ऐकून घेतलं, मला तेवढं पुरतं.

आमचं लखनौला येणं भातखंड्यांमुळे. १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी इथे मॅरिस कॉलेज काढलं. अण्णासाहेब रातंजनकर तिथे प्राचार्य असताना माझे सासरे गाणं शिकायला आले आणि राहिलेच. ते सांगायचे, की जुने उस्ताद घराण्याच्या चिजा दाबून ठेवत. दुसऱ्याच्या कानांवर पडली की चीज आपली राहत नाही, ही भीती. आजीचीच भीती, फक्त उर्दूतली. भातखंड्यांनी आर्जव करून, पाय धरून, कधी शिष्य होऊन त्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत बसवल्या आणि क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापले. त्यात चिजा मेल्या म्हणणारेही आहेत. सासरे म्हणत, मेल्या असतील थोड्या, पण मी कुणाच्या घराण्यातला नसताना गातोय ना!

आता माझी चीज. १९७९ चा मे. आम्ही तेव्हा चौकाजवळ भाड्याच्या घरात होतो. वर्षाचा गहू धुऊन गच्चीवर पसरला होता आणि मी राखणीला बसले होते. पलीकडच्या गच्चीवर एक कबूतरबाज आपला थवा उडवत होता, ‘आ, आ’ करत. थवा एकदम कलला, सगळ्या पंखांची खालची बाजू एकाच वेळी उन्हात आली आणि आभाळ पांढरं झालं. त्यानंतरचं मला नीट सांगता येत नाही. बघणारी कुणी राहिली नाही, पण बघणं चालू होतं. ऊन, हाक, गहू, तापलेली पत्र्याची बादली, खालच्या गल्लीतलं भांडण, सगळं एकाच ठिकाणी होतं आणि त्या ठिकाणाला कड नव्हती. भीती नाही. आनंद म्हणावं तर तो कुणाला झाला, ते सांगता येणार नाही. देव दिसला नाही, आवाज आला नाही. भानावर आले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

हे मी ह्यांना सांगितलं नाही. वाईट माणूस नव्हता, पण डोक्याला ऊन लागलं म्हणून कांदा फोडून हुंगायला दिला असता. ऑक्सफर्डमध्ये अॅलिस्टर हार्डी नावाचे प्राणिशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६९ मध्ये सामान्य माणसांचे असे अनुभव गोळा करणारं केंद्रच उघडलं आणि लोकांची हजारो पत्रं आली. पुष्कळांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, लोक वेडं म्हणतील म्हणून. खुद्द हार्डीही शाळकरी वयात, कुणी बघत नाही अशी खात्री करून, रानात गुडघे टेकत असत. ते त्यांनी लिहिलं म्हातारपणी.

माझं तोंड उघडलं ते बडा मंगलमुळे. जेठ महिन्यातल्या मंगळवारी लखनौत कोपऱ्याकोपऱ्यावर भंडारे लागतात. पुरी, आलूची भाजी, बुंदी, सरबत, जो येईल त्याला. सांगतात ते असं, की अवधच्या एका बेगमेला स्वप्न पडलं, स्वप्नातल्या जागी मारुतीची मूर्ती निघाली आणि अलीगंजचं जुनं हनुमान मंदिर उभं राहिलं. त्याच्या कळसावर आजही चंद्रकोर आहे. बेगमेने ते स्वप्न पोटात ठेवलं असतं तर एवढं शहर भर उन्हात सरबत कशावर प्यालं असतं?

हे गेले त्यानंतरच्या एका जेठातली गोष्ट. आमच्या गल्लीच्या भंडाऱ्यासाठी आदल्या रात्री आम्ही बायका बटाटे सोलत होतो. स्वप्नांचा विषय निघाला. तिवारी-मिश्रा-खान घरांतल्या साऱ्या आपापलं सांगत होत्या, कुणाला सासू दिसली, कुणाला पूर आलेली गोमती. आणि मी गच्ची सांगितली. हिंदीत सांगितली म्हणून जमलं असावं, आजीला हिंदी येत नव्हतं. कुणी कृष्ण म्हटलं नाही, बाधा म्हटलं नाही. सर्वांत म्हातारी होती तिने सुरी थांबवून विचारलं, “और गेहूँ, भाभीजी?”

मी सांगितलं, कबूतरांनी खाल्ला.

“खाएँगे ही,” ती म्हणाली, आणि पुढचा बटाटा उचलला.

तेव्हापासून मला सांगता येतं. फार नाही, आणि विचारल्याशिवाय नाहीच. लेकीला मराठीत सांगायचं राहिलं होतं, ते जड गेलं. ती पुण्याला असते, डॉक्टर आहे. फोनवर सगळं ऐकून घेतलं, मग पाणी किती प्यायली होतीस, चक्कर आली होती का, डोळ्यांपुढे आधी काजवे चमकले का, हे सगळं विचारून झालं. मी एकेक उत्तर दिलं. तिचा धंदाच तो आहे, रागवायचं कशाला. मग जरा थांबून म्हणाली, “आणि बाबा काय म्हणाले गं तेव्हा?”

“गिरणीतून आल्यावर विचारत होते,” मी म्हटलं, “की पीठ यंदा कमी कसं भरलं.”