रिकामा हात

शिवथरच्या खोऱ्यात बलोपासना ही काही नवी गोष्ट नव्हे. येथल्याच घळीत समर्थ रामदासस्वामींनी दासबोध सांगितला आणि त्यांचे शिष्य कल्याणस्वामी यांनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. विस्मृतीत गेलेली ही घळ धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली शोधून काढली. मन बळकट हवे तसे शरीरही बळकट हवे, म्हणून समर्थांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना केली. पलीकडच्या पोलादपूर तालुक्यात तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ आहे. त्यामुळे कुस्ती, लाठी, दांडपट्टा हे शब्द आमच्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. परंतु सुमारे वीस वर्षांपूर्वी मी या भागातील एका शाळेचा मुख्याध्यापक असताना कराटे शिकविणारे एक शिक्षक आमच्याकडे येऊ लागले, तेव्हा एका आजीबाईंनी मला वाटेत थांबवून विचारले, "गुरुजी, आमची कारटी आधीच काय कमी आहेत, म्हणून त्यांना कराटे शिकवताय?"

हे शिक्षक महाडहून आठवड्यातून दोनदा एस.टी.ने येत. सगळे त्यांना नुसते 'सर' म्हणत. आपले नाव कोठे छापलेले त्यांना आवडत नाही, म्हणून मीही येथे तेवढेच म्हणतो. ज्याला शुल्क देणे जमत नसे, त्याला ते कधी विचारीत नसत. मग कोणी उन्हाळ्यात करवंदे आणी, कोणी पावसाळ्यात काकडी आणी. परतीची गाडी चुकली, तर सर शाळेच्या ओसरीवरच झोपत.

मुलांना वाटले होते, पहिल्याच दिवशी कौले फोडावयास मिळतील. प्रत्यक्षात पहिला महिनाभर सरांनी त्यांना नुसते उभे राहावयास शिकविले. घोड्यावर मांड ठोकल्याप्रमाणे गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, मुले लाल मातीत अनवाणी उभी राहत. आषाढात भाताची लावणी केलेल्या मुलांचे पाय लवकर स्थिरावले, तेव्हा सर हसून म्हणाले, "यांचे अर्धे शिक्षण शेतानेच करून ठेवले आहे!" पुढे 'इची, नी, सान' असे जपानी आकडे सुरू झाले. सगळ्यांनी एकदम हुंकार दिला, की पलीकडच्या माळावरच्या म्हशी माना वर करून पाहत.

एके दिवशी एका मुलाने कुरकुर केली, "सर, तेच तेच किती दिवस?" तेव्हा सरांनी त्यांना फुनाकोशी गिचिन यांची गोष्ट सांगितली. जपानच्या ओकिनावा बेटावर १८६८ साली जन्मलेले फुनाकोशी लहानपणी अगदी अशक्त होते. त्यांच्या वर्गमित्राचे वडील आझातो हे कराटेचे थोर जाणकार. त्या काळी ही विद्या उघडपणे शिकविली जात नसे. म्हणून रात्री आझातोंच्या अंगणात अभ्यास चाले. गुरू ओसरीवर मंद दिव्याजवळ ताठ बसून पाहत आणि शिष्याला तोच तो क्रम पुन्हा करावयास सांगत. एक क्रम पक्का झाल्यावाचून दुसरा नाही! महिनेच्या महिने असे जात, आणि शाबासकीचा शब्द क्वचितच मिळे. तरीही म्हातारपणी फुनाकोशींनी आपल्या आठवणी लिहिल्या, तेव्हा त्या कठोर रात्रींविषयी त्यांनी अपार प्रेमाने लिहिले. ही गोष्ट ऐकल्यावर तो मुलगा मुकाट्याने पुन्हा रांगेत उभा राहिला.

त्या मुलांपैकी एक जण आज एस.टी.त वाहक आहे. भेटला, की सरांची आठवण हटकून काढतो. जपानी भाषेत 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ते' म्हणजे हात. हातात शस्त्र नाही आणि मनात द्वेष नाही, असा त्याचा अर्थ सर सांगत. पहिला प्रहार आपला असता कामा नये, हा फुनाकोशींचा दंडक ते दर वेळी बजावीत. एकदा जत्रेत एका दांडगटाने या मुलाची गचांडी धरली. त्याने शांतपणे आपली मान सोडवून घेतली आणि तो दोन पावले मागे सरला. भोवतालची पोरे त्याला भित्रा म्हणाली. खाली मान घालून त्याने ही हकीकत सरांना सांगितली. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "छान!" तीन वर्षांत त्याला मिळालेली ती एकच शाबासकी. "गुरुजी, ती मला अजून पुरते आहे," असे तो म्हणतो.

दुसरी एक विद्यार्थिनी आता परिचारिका आहे. मुलींनी हे शिकावे की नाही, अशी गावात कुजबुज होती. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी मुलींना पहिल्या रांगेत उभे केले. संध्याकाळी नदीकाठच्या वाटेने एकटी घरी जाताना पूर्वी तिची छाती धडधडे. "सरांनी मला मारायला शिकवलं, त्यापेक्षा न घाबरता चालायला शिकवलं," हे तिचे शब्द.

२०२१ च्या जुलैमध्ये मात्र या शिक्षणाची खरी परीक्षा झाली. २२ तारखेला सावित्रीच्या पुराने महाड शहर बुडाले आणि त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पाणी ओसरताच सरांचे जुने विद्यार्थी, कोणी न बोलावता, फावडी आणि घमेली घेऊन त्यांच्या दारी जमले. सरांच्या घरातही गुडघाभर चिखल होता. पण सरांनी त्यांना आधी शेजारच्या वृद्ध जोडप्याच्या घरात पाठविले. ते घर स्वच्छ झाल्यावर ते इतकेच म्हणाले, "आता पुढचे घर." सरांचे स्वतःचे घर सर्वांत शेवटी धुतले गेले. रिकामा हात मारण्यासाठी नसून दुसऱ्याचे ओझे उचलण्यासाठी मोकळा ठेवावयाचा असतो, हे त्या दिवशी कोणाला निराळे समजावून सांगावे लागले नाही.

शिष्यांचे प्रेम कसकशी रूपे घेते, पाहा! फुनाकोशी १९२२ साली टोकियोला आले, तेव्हा पोटासाठी त्यांनी एका वसतिगृहात झाडलोटही केली. पुढे त्यांच्या शिष्यांनी पैसे जमवून त्यांच्यासाठी व्यायामशाळा बांधली. पाइनच्या रानातून वाहणाऱ्या वाऱ्याच्या लाटांवरून फुनाकोशींनी 'शोतो' हे टोपणनाव घेतले होते. शिष्यांनी त्याच नावाची 'शोतोकान' अशी पाटी दारावर लावली. महायुद्धात, १९४५ साली, ती इमारत नष्ट झाली. नाव मात्र जगभर पसरले. आपल्याकडे बडोद्याला प्राध्यापक माणिकराव यांनी जुम्मादादा या आपल्या मुसलमान वस्तादांच्या नावाने व्यायाममंदिर चालविले आणि आयुष्यभर ते नाव अभिमानाने मिरविले.

आमच्या सरांच्या नावाची पाटी कोठेही नाही. पण पटांगणात उतरण्यापूर्वी आणि तेथून निघताना वाकून नमस्कार करावा, असा त्यांचा नियम होता. आज ती मुले मोठी झाली आहेत. काहींची स्वतःची मुले त्याच शाळेत शिकतात. त्यांना न्यावयास ती येतात, तेव्हा पटांगणाच्या कडेशी येताच किंचित वाकतात आणि मगच पाऊल पुढे टाकतात. लहानग्यांनाही आता ती सवय लागली आहे.