अलार्म वाजला, पण येणार कोण?

दहा वर्षांपूर्वी ऑफिसच्या कँटीनमध्ये गप्पा चालायच्या त्या ऑनसाइटच्या आणि फ्लॅटच्या हप्त्यांच्या. आता विषय बदललाय : "आईसाठी कुठलं घड्याळ घेऊ रे?" आमच्यातल्या बऱ्याच जणांचे आई-बाबा गावी दोघंच राहतात. माझेही. चांदूर बाजारला, अचलपूरच्या शेजारच्या तालुक्यात, संत्र्यांच्या पट्ट्यात. पुण्याहून निघालं की रात्रभराचा प्रवास.

मी डॉक्टर नाही. पण बरीच वर्षं प्रोडक्शन सपोर्ट केलाय, त्यामुळे रात्री-बेरात्री येणाऱ्या अलर्टशी जुनी ओळख आहे. तेवढ्याच अधिकारावर हे लिहितोय.

२०१८ मध्ये ॲपलने घड्याळात ईसीजी आणि माणूस पडल्याचं ओळखण्याची सोय आणली. मग इतरही आले. यातलं तत्त्व सोपं आहे. मनगटाला जोराचा धक्का बसला आणि नंतर हालचाल थांबली, की घड्याळ समजतं, पडला माणूस! ईसीजी मात्र एकाच लीडचा. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, हे तो दाखवू शकतो; हार्ट अटॅक ओळखणं त्याचं काम नाही. हे घरी आधी सांगून ठेवा. छातीत दुखत असताना घड्याळ बघत बसायचं नसतं.

बाबांचं घड्याळ (कंपनीचं नाव राहू द्या) ते सरपण फोडायला लागले की हमखास बोंब मारायचं. मी इकडून घाबरून फोन करायचो. तिकडून उत्तर : "मले काई झालं नाई. तुयं घड्याळच घाबरट हाये!"

गंमत सोडा. खरी अडचण वेगळी होती. घड्याळ प्रश्न विचारणार इंग्रजीत. चार्जिंग रोज. आणि न्हाणीत जाताना बाबा ते काढून खुंटीला अडकवणार. ओली फरशी नेमकी तिथेच! शेवटी न्हाणीत खरखरीत फरशी टाकली, भिंतीला धरायला दांडी लावली. तिला ना चार्जिंग लागतं, ना वायफाय.

म्हणजे यंत्रं बिनकामाची का? अजिबात नाही. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली. पथकं घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन तपासत होती. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेचा तडाखा आमच्या जिल्ह्याला आधीच बसला. अमरावती आणि अचलपूरला लॉकडाऊन लागला. तेव्हा बोटाला लावायचा तो चिमटा घरोघरी ओळखीचा झाला. आईलासुद्धा पाठ होतं, ९५ च्या खाली गेलं की डॉक्टर गाठायचा.

ते यंत्र इतकं उपयोगी का पडलं? कारण एक आकडा होता, एक मर्यादा होती, आणि पुढे काय करायचं ते ठरलेलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर अलर्टला रनबुक होतं! नाहीतर ज्या अलर्टला ऑन-कॉल माणूसच नाही, तो अलर्ट नसून नुसता गोंगाट असतो.

म्हणून आता आमच्या घरी रोस्टर आहे. पहिला फोन शेजारच्या काकूंना, त्यांच्याकडे घराची दुसरी किल्ली असते. दुसरा चुलतभावाला, त्याच्याकडे गाडी आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. माझा नंबर सगळ्यात शेवटी. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण रात्री दोन वाजता पुण्यातून मी करणार तरी काय? बीपीचं मशीन आई वापरते : पाच मिनिटं शांत बसून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, न बोलता (हे तिला सगळ्यात अवघड जातं!). आकडे वहीत लिहिते आणि वही डॉक्टरांना दाखवते.

कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "माह्यावर पाहारा ठेवतं काय?" कॅमेरा आला नाही. घड्याळाची माहिती कोणाला दिसावी, हेही त्यांनीच ठरवलं. घर त्यांचं, शरीर त्यांचं. युजर तेच आहेत, आपण फार तर सपोर्ट टीम.

असो. या वीकेंडला घड्याळांचे रिव्ह्यू वाचणार असाल तर जरूर वाचा. पण त्याआधी गावच्या शेजाऱ्यांना एक फोन करा. तुमच्याकडे त्यांचा नंबर आहे ना?