सब्र, हिंमत आणि जॅक्सन हाइट्सचे वाचनालय

न्यूयॉर्कला गेलेल्या पाहुण्याला फिफ्थ ॲव्हेन्यूवरचे मोठे सार्वजनिक वाचनालय हमखास दाखवले जाते. १९११ साली सुरू झालेल्या या इमारतीच्या दारात दोन संगमरवरी सिंह बसले आहेत. महामंदीच्या काळात तेव्हाचे महापौर ला ग्वार्डिया यांनी त्यांना पेशन्स आणि फॉर्टिट्यूड अशी नावे दिली. आपल्या बोलीत सांगायचे तर सब्र आणि हिंमत. आतले वाचन-दालन २९७ फूट लांब आहे. तिथे शिरल्यावर बोलणारा माणूस आपोआप गप्प होतो.

परंतु मला अधिक शिकवून गेले ते तिथले एक साधे मोहल्ल्यातले वाचनालय. क्वीन्स भागात जॅक्सन हाइट्स नावाची वस्ती आहे. रूझवेल्ट ॲव्हेन्यूच्या डोक्यावरून लोखंडी पुलावर सात नंबरची गाडी खडखडत जाते आणि खाली चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर साड्यांची, सोन्याची, मिठाईची आणि हलाल गोश्ताची दुकाने. बंगाली, उर्दू, पंजाबी, नेपाळी, स्पॅनिश, सगळ्या भाषा एकाच फुटपाथवर ऐकू येतात. माझी बहीण तिथे राहते. तिच्या मुलांबरोबर मी अनेक दुपारी एक्क्याऐंशीव्या रस्त्यावरच्या वाचनालयात काढल्या.

पुस्तकांइतकीच गर्दी कॉम्प्युटरपाशी. कुणी नोकरीचा अर्ज भरत होते, कुणी नागरिकत्वाच्या परीक्षेचे प्रश्न पाठ करत होते, एक आजोबा गावाकडच्या नातवंडांचे फोटो पाहत होते. घरात इंटरनेट नसलेली माणसे अमेरिकेतही कमी नाहीत. अशांसाठी हे दालन म्हणजे सरकारी कचेरीची खिडकी, पोस्ट आणि शाळा एकाच ठिकाणी.

नियम सोपे आहेत. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या, काम करणाऱ्या किंवा शिकणाऱ्या कुणालाही कार्ड फुकट मिळते. कार्डाचा नंबर टाकून आपली पाळी लावायची. वेळ ठरलेला असतो. तो संपला की पडदा बंद होतो आणि पुढच्याची पाळी येते. इंटरनेटला पैसे नाहीत, कागदावर छापून घ्यायचे तर पैसे पडतात. पुस्तक उशिरा परत केल्याचा दंडही या शहरातल्या तिन्ही वाचनालय-संस्थांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये कायमचा रद्द केला. दंडाच्या भीतीने गरिबाघरची मुले वाचनालयाकडे फिरकेनाशी होतात, हे त्यामागचे कारण.

मुलांसाठी वेगळा नियम आहे आणि त्याला मोठा इतिहास आहे. अमेरिकेच्या काँग्रेसने डिसेंबर २००० मध्ये मुलांच्या इंटरनेट संरक्षणाचा कायदा केला. केंद्र सरकारकडून इंटरनेटसाठी सवलत किंवा अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने कॉम्प्युटरवर अश्लील चित्रे रोखणारी चाळणी बसवलीच पाहिजे, असे त्यात आहे. ग्रंथपालांच्या संघटनेने याला कोर्टात आव्हान दिले. त्यांचे म्हणणे असे की चाळणी आंधळी असते, आजाराची किंवा शरीरशास्त्राची चांगली माहितीही ती अडवते. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा कायम ठेवला. मात्र मोठ्या माणसाने वाजवी कामासाठी सांगितले तर चाळणी काढता येते, ही सोय कायद्यातच आहे. सतरा वर्षांखालच्यांसाठी चाळणी राहते.

एवढे करूनही वाचनालय आईबापांची जागा घेत नाही. मूल काय पाहते याची जबाबदारी पालकांची, असे तिथे साफ सांगितलेले असते. माझ्या बहिणीने म्हणूनच घरचा नियम केला आहे. धाकट्याच्या शेजारची खुर्ची तिची. ती पहारा देत नाही, स्वेटर विणते. पोरगा मधूनच म्हणतो, "अम्मी, हे बघ ना!" आणि ती बघते.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटला तो नियम ग्रंथपालांवरच बंधन घालणारा आहे. कुणी कोणते पुस्तक नेले, कॉम्प्युटरवर काय शोधले, काय विचारले, ही नोंद न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने गोपनीय आहे. कोर्टाचा हुकूम किंवा तसाच कायदेशीर आधार नसेल तर ती कुणाला देता येत नाही. वाचकाचे नाव ही तिथे अमानत मानली जाते.

या अमानतीची कसोटी २००१ नंतर लागली. त्या ऑक्टोबरात पेट्रियट कायदा आला आणि तपास यंत्रणांचे हात लांब झाले. जॅक्सन हाइट्ससारख्या वस्तीत, जिथे दर दुसऱ्या घरात परदेशी पासपोर्ट, तिथे ही भीती कशी असेल ते सांगायला नको. २००५ मध्ये शेजारच्या कनेटिकट राज्यात एफबीआयने वाचनालयांच्या एका संस्थेकडे पत्र पाठवून विशिष्ट वेळी एक इंटरनेट जोडणी कोण वापरत होते याची माहिती मागितली. पत्रावर न्यायाधीशाची सही नव्हती, आणि पत्र आल्याचे कुणाला सांगायलाही बंदी होती. चार ग्रंथपालांनी माहिती दिली नाही. ते कोर्टात गेले. २००६ मध्ये सरकारने आधी बोलण्यावरची बंदी सोडली, मग मागणीही मागे घेतली. त्या चौघांना तो वाचक कोण, कोणत्या धर्माचा, हे पाहायचेच नव्हते. वाचनालयात आलेला माणूस एवढीच ओळख त्यांना पुरली. फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या सिंहांची नावे मला तेव्हा नीट कळली.

आपल्याकडचे चित्र वेगळे आहे. शिष्यवृत्तीचा किंवा प्रवेशाचा अर्ज भरायला आपल्या मुली सायबर कॅफेत जातात. तिथे २०११ चे केंद्राचे नियम लागू आहेत. ओळखपत्र दाखवायचे, नोंदवहीत नाव लिहायचे. कोणत्या वेबसाइट पाहिल्या ते कॅफेवाल्याने किमान एक वर्ष जपून ठेवायचे. आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आडोसा नसेल तर पडदा सगळ्यांना दिसेल असा. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलाबरोबर मोठे माणूस हवे. गुन्हे रोखायला यातले काही लागतही असेल. पण आजाराची माहिती शोधणाऱ्या किंवा सासरच्या त्रासावर कायदा काय म्हणतो हे वाचणाऱ्या बाईला तो उघडा पडदा परका वाटतो. मग ती विचारतच नाही.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि गावोगावी शासनमान्य वाचनालये आहेत. आपल्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या समितीवर आपल्यापैकी कुणी असेल, तर पुढच्या बैठकीत कॉम्प्युटरचा विषय काढावा. एक कॉम्प्युटर पुरे. पाळीची वही, अर्ध्या तासाचा वेळ, लहानांसाठी चाळणी, बायकांसाठी भिंतीकडे पाठ असलेली खुर्ची, आणि कुणी काय पाहिले याची चर्चा चहाच्या टपरीवर न करणारा ग्रंथपाल. पहिल्या चार गोष्टी पैशाने येतात. पाचवी माणूस निवडताना पाहावी लागते.