ताईंनी शिकवलेली अक्षरमोजणी

जुना प्रोग्राम वाचायचा कसा, हे मला ताईंनी शिकवलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि मी नोकरीत नवा होतो. इमारतींच्या सांगाड्यांचं गणित करणारा एक फोरट्रान प्रोग्राम आम्हाला लिनक्सवर आणायचा होता. त्यात शब्द होते, पण ते ठेवले होते पूर्णांकांच्या व्हेरिएबलमध्ये. आधी आकडा, मग ‘एच’ आणि पुढे तेवढीच अक्षरं. ‘बीम’ची इंग्रजी चार अक्षरं लिहायची तर आधी ‘चार एच’. मोकळी जागाही मोजायची.

या लेखनाला हॉलेरिथ स्थिरांक म्हणतात. १८९० च्या अमेरिकी जनगणनेची मोजणी ज्यांच्या पंच कार्डांवर झाली, त्या हर्मन हॉलेरिथ यांचं हे नाव. १९५७ साली फोरट्रान आली तेव्हा भाषेत अक्षरांसाठी वेगळा प्रकारच नव्हता.

ताई फोरट्रान शिकल्या त्या कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० वर. त्या यंत्राचा ‘शब्द’, म्हणजे स्मृतीतला एक खाना, ४८ बिटांचा, अक्षर ६ बिटांचं. म्हणजे एका व्हेरिएबलमध्ये आठ अक्षरं. ३२ बिटांच्या यंत्रावर तिथे चारच मावतात. त्यामुळे कुठल्या ओळीत नाव दोन तुकड्यांत तोडावं लागेल, हे ताई कागदावर चौकोन आखून दाखवत. इंटेलच्या यंत्रावर पहिलं अक्षर सर्वांत कमी किमतीच्या बाइटमध्ये बसतं. म्हणून दोन नावं सारखी आहेत का, ही तपासणी बरोबर उतरते. पण वर्णानुक्रम लावायला गेलं की तो चुकतो. हेही त्यांनीच उलगडलं.

हे सगळं पुसून नव्यानं लिहू, असा माझा आग्रह होता. ताई म्हणाल्या, “लिहिणाऱ्याकडे काय होतं ते आधी बघ, मग हात लाव.” तेव्हापासून परक्याच्या प्रोग्रामकडे मी आदरानं पाहतो.

असाच आदर मला पुढे भाषेच्या मानकातही भेटला. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या फोरट्रान ७७ ने ‘कॅरेक्टर’ हा स्वतंत्र प्रकार दिला आणि हॉलेरिथ मानकातून काढून टाकला. तरी ज्या कम्पायलरना तो चालू ठेवायचा आहे त्यांनी तो कसा सांभाळावा, यासाठी परिशिष्टही जोडलं. जीएनयू फोरट्रानचा कम्पायलर आजही असा प्रोग्राम स्वीकारतो. ती सोय टिकवणाऱ्यांपैकी कुणालाही मी भेटलेलो नाही, पण आमचं काम त्यांच्याच आधारावर उभं राहिलं.

आता नवी मुलं माझ्याकडे जुना प्रोग्राम घेऊन येतात. मी त्यांना आधी जुनी उत्तरं जपून ठेवायला सांगतो. मग एकेक हॉलेरिथ ‘कॅरेक्टर’मध्ये बदलायचा आणि दर बदलानंतर उत्तरं ताडून पाहायची. ताईंचं देणं त्यांना परत करता येण्याजोगं नव्हतंच. ते पुढच्यांना द्यायचं असतं, आणि ते मी मनापासून देतो.