गाळलेली जागा

चीनमधल्या हायस्कूलच्या मुलांची इंग्रजीची परीक्षा आणि कुंभकोणमजवळचं चोळपुरम् यांचा एकमेकांशी संबंध असायचं काही कारण नाही. माझ्यापुरता मात्र तीन वर्षं तो होता. २०१८ ते २०२१ या काळात मी एका कंपनीसाठी तिथल्या दहावी ते बारावीच्या मुलांकरता इंग्रजी व्याकरणाचे आणि शब्दसंग्रहाचे प्रश्न लिहून पाठवत असे. एक वाक्य, त्यात एक गाळलेली जागा, खाली चार पर्याय. दिवसाला वीस प्रश्न.

बरोबर पर्याय लिहायला काहीच लागत नाही. कस लागतो तो तीन चुकीच्या पर्यायांचा. ते इतके चुकीचे असून चालत नाहीत की कुणीच निवडणार नाही, आणि इतके बरोबर असूनही चालत नाहीत की कुणी भांडायला येईल. मुलाची चूक आधीच ओळखून ती त्याच्यापुढे मांडून ठेवायची, असा तो उद्योग. माझं शिक्षण सांगलीत झालं. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन-मार्टिनचं ग्रामर यांवर आमची पिढी वाढली. त्यामुळे चुका ओळखण्यात मी तरबेज होते, निदान मला तसं वाटत होतं.

लग्न होऊन मी या घरात आले. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावरकडे आलेल्या मराठी कुटुंबांपैकी हे एक. सासूबाई मराठीच बोलतात, पण त्या मराठीत तीनशे वर्षांची तमिळ मुरलेली आहे, आणि पहिली दोन वर्षं आम्ही दोघी एकमेकींना अर्धवटच समजत होतो. चोळपुरम् कुंभकोणमपासून दहा-बारा किलोमीटरवर, चेन्नईच्या रस्त्यावर आहे. सभोवती भातशेती. घरापुढे लांबलचक ओटा आहे, त्याला इथं तिण्णै म्हणतात. संध्याकाळी त्या तिण्णैवर सरकारी शाळेतली आठ-दहा मुलं इंग्रजीसाठी येऊन बसत. कंपनीला प्रश्न पाठवण्याआधी मी ते या मुलांना सोडवायला देई. ज्या प्रश्नावर सगळी मुलं अडतील किंवा कुणीच अडणार नाही, तो मी बाजूला काढत असे.

मुलं तमिळ आणि प्रश्न चिनी मुलांसाठी, तरी ही चाचणी बरीच उपयोगी पडायची. कारण चुका सारख्या निघत. इंग्रजीतली 'अ', 'ॲन', 'द' ही उपपदं तमिळमध्ये नाहीत, चिनीत नाहीत आणि आपल्या मराठीतही नाहीत. त्यामुळे तिन्हीकडची मुलं उपपदाच्या जागेपाशी हमखास अडखळतात. चिनी भाषेत नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही. म्हणून 'ही गो' आणि 'थ्री बुक' या तिकडच्या नेहमीच्या चुका. तमिळ मुलं त्याच जागी वेगळ्या कारणाने चुकतात. हळूहळू मला कळत गेलं, की चुकीच्या उत्तराला एक पत्ता असतो. मूल घरी कोणती भाषा बोलतं, ते त्या उत्तरात दिसतं.

चीनमधली महाविद्यालय प्रवेशाची परीक्षा, गावखाव, दरवर्षी जूनमध्ये असते. त्यात इंग्रजीला १५० गुण. मुलांना सुमारे ३००० शब्द यावेत अशी अपेक्षा. पूर्वी सुट्या वाक्यांवरचे पर्यायी प्रश्न त्या परीक्षेत भरपूर असत. पुढे बहुतेक ठिकाणी ते काढून त्याऐवजी सलग उतारा दिला जाऊ लागला: त्यात १० गाळलेल्या जागा, बहुतेक जागांपाशी कंसात मूळ शब्द, तर दोन-तीन जागांपाशी काहीच नाही. तिथं मुलानेच ओळखायचं, की इथं उपपद हवं, शब्दयोगी हवं की उभयान्वयी. या १० जागांचे १५ गुण. सरावाच्या वह्यांतून मात्र सुटी वाक्यं गेली नाहीत, आणि माझं काम त्यांचंच होतं. आमच्या मुलांचा तामिळनाडूचा दहावीचा पेपरही सुरू होतो तो १४ पर्यायी प्रश्नांनीच: समानार्थी, विरुद्धार्थी, अनेकवचन, उपसर्ग-प्रत्यय, शब्दयोगी, काळ. तेव्हा तिण्णैवरच्या मुलांचंही त्यात नुकसान नव्हतं.

२०१८च्या डिसेंबरात मी एक प्रश्न लिहिला. 'माय फादर ____ टु सिंगापूर. ही इज नॉट ॲट होम नाऊ.' पर्याय चार: गोज, वेन्ट, हॅज गॉन, हॅज बीन. उत्तर 'हॅज गॉन', म्हणजे गेले आहेत आणि अजून तिकडेच आहेत. 'हॅज बीन' चूक, कारण त्याचा अर्थ जाऊन आले. सिंगापूर मी मुद्दाम घातलं. चिनी मुलांना ओळखीचं, आणि आमच्याकडे तर घरटी एक माणूस सिंगापूरला नाहीतर आखातात असतो.

नववीतल्या एका मुलीने 'वेन्ट' लिहिलं. मी लाल फुली मारली आणि सगळ्यांसमोर समजावून सांगितलं, की वडील अजून घरी नाहीत, म्हणजे गेल्याचा परिणाम चालू आहे, म्हणून 'हॅज गॉन'. तिने मान हलवली आणि वहीत दुरुस्ती केली. ही मुलगी सहसा चुकत नसे. मला वाटलं, आज लक्ष नसेल.

मुलं गेल्यावर सासूबाई दाराआडून बाहेर आल्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, पण सिंगापूर आणि बाप एवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्या म्हणाल्या, तिचा बाप सिंगापूरला आहे असं तुला कोणी सांगितलं? तो गेला. तीन वर्षांत फोन नाही, पैसा नाही. तिथं आहे, दुसरीकडे गेला की आणखी काय झालं, कुणालाच ठाऊक नाही. तिची पाट्टी, म्हणजे आजी, दर महिन्याला देवळात येऊन त्याच्या नावाने दिवा लावते.

मी वही पुन्हा उघडली. मराठीत आपण 'गेले', 'गेले आहेत' आणि 'जाऊन आले' असं वेगवेगळं म्हणतो, आणि यातलं कुठलं कधी म्हणायचं हे कुणाला शिकवावं लागत नाही. 'गेले' म्हणताना तर आपण जरा जपूनच म्हणतो. तमिळमध्येही 'पोनार', 'पोयिरुक्कार' आणि 'पोयिट्टु वंदार' असे तीन वेगळे प्रयोग आहेत. चिनीत काळाचा प्रत्यय नसला, तरी क्रियापदापुढे 'ग्वो' लावला की जाऊन आल्याचा अनुभव कळतो आणि 'ल' लावला की क्रिया घडून गेल्याचं. म्हणजे या मुलीला फरक माहीत नव्हता असं नाही. तो तिला माझ्यापेक्षा जास्त बारकाईने माहीत होता. वडील सिंगापूरला गेले, एवढंच तिला खात्रीने सांगता येत होतं. ते तिथं 'आहेत' असं म्हणणारं क्रियापद तिने निवडलं नाही. आणि व्याकरणाच्या दृष्टीनेही तिचं वाक्य चुकलं नव्हतं. 'वेन्ट' तिथं चालतं. प्रश्नच सदोष होता, त्याला दोन उत्तरं होती.

शाळेत मराठीच्या पेपरात आम्हाला 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' असा प्रश्न असे. मी लिहिलेल्या शेकडो वाक्यांना संदर्भ नव्हताच. ती कुणी, कुणाला, केव्हा म्हटलेली नव्हती. मुलांना मात्र वाक्य वाचलं की आपला संदर्भ आठवतो, आणि ती त्याला धरून उत्तर देतात.

प्रश्न कंपनीकडे जाऊन चुकला होता. मी कळवलं की त्याला दोन उत्तरं निघतात. त्यांनी सांगितलं, एक वाक्य वाढवा, म्हणजे एकच उत्तर उरेल. मी वाढवलं: 'ही विल बी बॅक नेक्स्ट मंथ.' पुढच्या महिन्यात परत येतील. आता 'वेन्ट'पेक्षा 'हॅज गॉन' स्पष्टपणे योग्य झालं. सुधारलेला प्रश्न पाठवला. तिण्णैवर तो मी कधी दिला नाही.

कुंभकोणमच्या परिसरात इंग्रजीच्या पेपराची गोष्ट निघाली, की श्रीनिवास रामानुजन यांचं नाव येतंच. १८९७ साली, दहाव्या वर्षी, प्राथमिक परीक्षेत ते जिल्ह्यात पहिले आले. त्या परीक्षेत इंग्रजीही होतं. टाउन हायस्कूलमधून १९०४ साली ते गणिताचं बक्षीस घेऊन बाहेर पडले आणि शिष्यवृत्ती मिळवून इथल्या सरकारी कॉलेजात गेले. तिथं गणित सोडून कशात लक्ष लागेना. इंग्रजी निबंधाच्या पेपरात ते नापास झाले आणि शिष्यवृत्ती गेली. १९०५ साली घरी न सांगता ते विशाखापट्टणमला निघून गेले. पुढे मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजातून प्रयत्न केला, पण एफ. ए.ची परीक्षा ते कधीच पास झाले नाहीत. जानेवारी १९१३ मध्ये केंब्रिजला हार्डींना जे पत्र गेलं, ते इंग्रजीतच होतं.

हे सांगून 'परीक्षा निरर्थक असते' असं म्हणणं सोपं आहे. पण त्याच कॉलेजातून आणखी एक गृहस्थ बाहेर पडले होते. कुंभकोणमजवळच्या वलंगैमानचे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. गरीब घरातले. गोखल्यांच्या मागे १९१५ साली पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष झाले, म्हणून मराठी वाचकाला ते परके नाहीत. त्यांच्या इंग्रजीचा लौकिक असा, की गांधीजींच्या आत्मचरित्राचं इंग्रजी भाषांतर पुढच्या आवृत्तीसाठी त्यांनी तपासून दिलं, तेही आपलं नाव येऊ न देता. व्याकरणातलं कठोर शिक्षण माणसाला काय देऊ शकतं, याचं ते उदाहरण. माझ्या तिण्णैवरच्या मुलांनाही नोकरी, कॉलेज, बँक या सगळ्यांच्या दारात इंग्रजीच भेटणार आहे. त्यांना व्याकरण नको असं म्हणण्याची चैन मला परवडली तरी त्यांना परवडणार नाही. एकाच कॉलेजात एकाला इंग्रजीने वर नेलं आणि दुसऱ्याला बाहेर काढलं. पास-नापास एवढंच कळून दोघांविषयी काय समजलं असतं, हा माझा प्रश्न आहे.

मी स्वतः तमिळची परीक्षा कधी दिली नाही. चोळपुरम् या नावात जो ळ आहे तो आपला नव्हे. जीभ मागे वळवून, टाळूला न टेकवता तो म्हणायचा असतो. वीस वर्षांहून जास्त काळ मी तो चुकवते आहे. क्रियापदाचे आदरार्थी प्रत्यय विसरून मी एकदा भाजीवाल्या आजोबांना 'ये' म्हटलं होतं. ते हसले आणि मूठभर कढीपत्ता जास्त टाकला. माझ्या चुकांतून त्यांना एवढंच कळलं, की ही बाई लांबून आली आहे आणि बोलायचा प्रयत्न करते आहे. माझ्या फुलीतून त्या मुलीला काय कळलं असेल?

गाळलेल्या जागांचा एक इतिहास मला या कामामुळेच कळला. उताऱ्यातले ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून ते वाचकाला भरायला सांगायचे, ही पद्धत विल्सन टेलर या अमेरिकन अभ्यासकाने १९५३ साली मांडली. ती वाचकाची परीक्षा घेण्यासाठी नव्हती. उतारा वाचायला किती सोपा किंवा अवघड आहे, हे मोजण्यासाठी होती. लोकांना जागा भरता आल्या नाहीत, तर दोष मजकुराकडे जात असे. पुढे ती मुलांच्या परीक्षेत आली आणि दोषाची दिशा बदलली.

जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शाळकरी मुलांच्या खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि थोड्याच दिवसांत माझं काम थांबलं. ती मुलगी तोवर तिण्णैवरून गेली होती. २०२० साली ती दहावीला होती. कोविडमुळे परीक्षा रद्द झाली आणि सहामाही वगैरेंच्या गुणांवर सगळी मुलं पास झाली. आता ती तंजावरला नर्सिंग शिकते. मी तिची माफी मागितली नाही. मागितली असती, तर तिच्या घरची गोष्ट मला कळली आहे हे तिला कळलं असतं, आणि ते तिला आवडलं असतं असं वाटत नाही. दुसऱ्या दिवशी वहीत फुली खोडून मी गुण दिला आणि एवढंच म्हटलं, 'वेन्ट'ही बरोबर आहे, प्रश्न माझाच चुकला. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे.

मुलं अजून येतात. चाचणी अजून घेते. फक्त पर्याय देणं मी कमी केलं आहे आणि प्रत्येक उत्तरापुढे 'का?' असं विचारून एक ओळ लिहायला लावते. ती कुठल्याही भाषेत लिहिली तरी चालते. तपासायला दुप्पट वेळ लागतो. परवा उपपदांसाठी मी वाक्य दिलं होतं: 'आय सॉ ____ मून लास्ट नाइट.' उत्तर 'द' अपेक्षित. सातवीतल्या एकाने लिहिलं 'नो'. पुढे तमिळमध्ये कारण होतं: काल अमावास्या होती, मिस.

पूर्ण गुण दिला. मग उपपदाचं वाक्य दुसरं लिहिलं.