लॅपटॉपवरची अप्सरा

संपादकांनी अणुविज्ञानावर ‘सोपं काहीतरी’ मागितलं आहे. पण सध्या डोक्यात एकच विषय घोळतोय, चंद्रपुरातल्या एका विद्यार्थ्याचा प्रकल्प. त्याने अप्सरा अणुभट्टी संगणकावर उभी केली.

अप्सरा ही सोव्हिएत संघाबाहेरची आशियातली पहिली अणुभट्टी. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला सुरू झाली, २००९मध्ये बंद झाली. इंधन ब्रिटनचं, आराखडा आणि बांधणी आपल्या माणसांची. पाण्याने भरलेल्या खोल टाकीत इंधनपट्ट्यांचा गाभा सरकत्या ट्रॉलीला टांगलेला असे. आमच्याकडे चंद्रपुरात ऊर्जानगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या रोज नजरेसमोर, त्यामुळे व्याख्यान संपलं की पहिला प्रश्न ठरलेला: अप्सरेने वीज किती दिली? मुळीच नाही. इथलं केंद्र २९२० मेगावॉट विजेचं, अप्सरेची उष्णताच जेमतेम १ मेगावॉट. ती बांधली न्यूट्रॉनसाठी. तिच्यात किरणोत्सारी समस्थानिकं तयार झाली, प्रयोग झाले, पुढच्या भट्ट्यांची माणसं घडली. ‘मग काय उपयोग?’ असं कुणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं.

अशी भट्टी संगणकात उभी करताना एकेका न्यूट्रॉनचा माग काढतात. तो पाण्यातल्या हायड्रोजनवर आदळून मंदावतो, युरेनियमचं केंद्रक फोडतो, कॅडमियमच्या नियंत्रक दांड्यात शोषला जातो किंवा गाभ्याबाहेर निसटतो. दर टप्प्यावर काय घडेल ते संभाव्यतेनुसार ठरतं. या माँटे कार्लो पद्धतीचा पाया उलाम आणि फॉन नॉयमन यांनी युद्धानंतर घातला. आज या पद्धतीने हिशेब करणारी ओपनएमसी ही संगणकप्रणाली फुकट मिळते, साध्या लॅपटॉपवर चालते. लाखो न्यूट्रॉनांच्या हिशेबातून न्यूट्रॉनांच्या पुढच्या पिढीचं आधीच्या पिढीशी गुणोत्तर निघतं. ते १ झालं की साखळी स्वतःच्या बळावर टिकते.

या विद्यार्थ्याच्या अप्सरेचं गुणोत्तर १च्या थोडं वर जात होतं. त्याने इंधनपट्ट्यांच्या ॲल्युमिनियममध्ये न्यूट्रॉन शोषणाऱ्या बोरॉनची अशुद्धी किंचित वाढवली आणि उत्तर नेमकं १वर आलं. परीक्षक खूश झाले. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही.

बोरॉनवरचा संशय बिनबुडाचा नाही. १९४२मध्ये शिकागोत फर्मींची पहिली भट्टी उभी राहिली, तेव्हा ग्रॅफाइटमध्ये बोरॉनसारखी अशुद्धी किती कमी यावर बरंच काही अवलंबून होतं. पण संशय म्हणजे मोजमाप नव्हे. नव्या भट्टीत इंधन एकदम भरत नाहीत. थोडं भरायचं, थांबायचं, न्यूट्रॉन मोजायचे आणि त्या मोजणीचा व्यस्तांक आलेखावर मांडायचा. इंधन वाढेल तशी रेषा शून्याकडे उतरते. ती कुठे टेकणार याचा अंदाज आधीच येतो. संगणकाचं उत्तर त्या अख्ख्या रेषेशी जुळायला हवं, दांड्यांच्या वेगवेगळ्या स्थितींशी आणि ट्रॉलीच्या वेगवेगळ्या जागांशीही, कारण गाभा सरकला की न्यूट्रॉन परत फेकणारा परिसर बदलतो. एका बिंदूवर बोरॉनने झाकलेली चूक दुसऱ्या बिंदूवर उघडी पडते.

मित्र म्हणतात, कॉलेजच्या पोराला इतकं ताणू नका. पण हीच सवय घेऊन तो उद्या एखाद्या खऱ्या भट्टीच्या सुरक्षेचा हिशेब करायला बसेल, ही भीती मला सोडत नाही.

मी त्याला बोरॉन शून्यावर आणायला लावलं. दोघांनी मिळून प्रकल्पाची संगणकातली फाइल ओळीओळीने वाचली. पाण्यात बांधलेल्या हायड्रोजनवर मंद न्यूट्रॉन कसे विखुरतात, ती माहिती जोडायचीच राहून गेली होती. जोडल्यावर उत्तर पुन्हा हललं, पण १वर आलं नाही. आता तो इंधनपट्ट्यांमधलं अंतर तपासतोय.